पिंपरीची रोव्हर

२००३च्या अखेरीस ब्रिटनमधल्या रोव्हरच्या शोरूममध्ये एक नवी छोटी गाडी आली. नाव सिटीरोव्हर. नाकावर रोव्हरची जाळी, जाळीपाशी कंपनीचं जुनं व्हायकिंग जहाजाचं चिन्ह, मागे डिकीच्या दारावर रोव्हरची अक्षरं. पुण्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ती गाडी मागून दाखवली असती, तर त्याने अक्षरं वाचायची तसदी घेतली नसती. मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी खांबांवर चढत गेलेले उभे दिवे बघून तो म्हणाला असता, “ही तर इंडिका!” आणि ते खरंच होतं. गाडी टाटांच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात बनली होती, जहाजातून इंग्लंडला गेली होती आणि तिकडे गेल्यावर रोव्हर झाली होती.

एका कंपनीने बनवलेली गाडी दुसरीने आपला बॅज लावून विकायची, हा मोटार-धंद्यातला जुना रिवाज आहे. एरवी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्याही परदेशातल्या एखाद्या बाजारात हे करतात. नवी गाडी मुळापासून घडवायची तर अफाट पैसा आणि काही वर्षं लागतात. बॅज लावायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. गाड्यांचे शौकीन अशा गाड्यांना नाकं मुरडतात. मला मात्र त्या वाचायला आवडतात. हो, वाचायलाच. बॅज लावणारी कंपनी ही त्या गाडीची एक चिकित्सक वाचक असते, निदान असायला हवी. काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठे हात फिरवायचा, किंमत किती लावायची हे ती ठरवते. आणि या प्रत्येक निर्णयात समोरची गाडी तिला कितपत कळली होती ते उघडं पडतं. या कसोटीवर सिटीरोव्हरइतकी बोलकी गाडी दुसरी नसेल.

आधी मूळ संहिता पाहू. इंडिकाची कल्पना रतन टाटांनी मांडली ती दुसऱ्यांच्या गाड्यांची नावं घेऊन: बाहेरून झेनएवढी, आतून ॲम्बॅसॅडरएवढी, किमतीला मारुती ८००च्या आसपास आणि चालवायला डिझेलच्या खर्चात. इंडिकाचं सगळं काव्यशास्त्र या एका वाक्यात आहे. इटलीतल्या तुरिनच्या ‘आयडिया’ या संस्थेने त्याला आकार दिला. गाडीची लांबी पावणेचार मीटरच्या आत, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर, म्हणजे चाकं कोपऱ्यांकडे ढकललेली आणि मधली जागा माणसांसाठी मोकळी सोडलेली. छत उंच. दार मोठं. सीटवर बसायला खाली वाकून शिरावं लागत नाही, खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता येतं. नऊवारीतल्या आजीला जी गाडी चढता-उतरता त्रास देत नाही, ती आपल्याकडे चांगली गाडी. इंडिकाच्या आरेखनात हा विचार रेषेरेषेत आहे. ‘मोअर कार पर कार’ ही तिची जाहिरातीतली ओळ नुसती टाळीची नव्हती, ते त्या गाडीचं अचूक वर्णन होतं.

जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली, वर्षअखेरीस ती बाजारात आली आणि बघता बघता लाखाहून जास्त जणांनी नोंदणी केली. पहिल्या गाड्यांनी मालकांना छळलं, हेही खरं. २००१मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती व्ही-टू आली तेव्हा कुठे इंडिका स्थिरावली. पुढे ती टूरिस्ट टॅक्सीवाल्यांच्या हातात गेली आणि मग महाराष्ट्रात लग्नाला, दवाखान्यात, देवदर्शनाला, विमानतळावर पोहोचवायला तीच. पाच जणांची गाडी, पण सहावा, प्रसंगी सातवाही मागे कोंबलेला. डिझेलच्या इंजिनाची ती खडखड ज्यांनी पुणे-मुंबई प्रवासात ऐकली आहे त्यांना इंडिकाचं वेगळं वर्णन करून सांगायला नको.

तिच्या जन्मकथेत एक उपकथानक आहे, आणि ते सोडवत नाही. इंडिका बनवायला टाटांनी ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रसामग्री विकत घेतली, उचकटून जहाजात घातली आणि पुण्यात आणून उभी केली. निसानचा हा कारखाना मेलबर्नजवळच्या क्लेटनचा; १९९२मध्ये तिथलं मोटार-उत्पादन थांबलं. त्या काळात ऑस्ट्रेलियात जॉन बटन या उद्योगमंत्र्यांची एक योजना चालू होती. देशात फार मॉडेलं बनतात, ती कमी करा, एकमेकांच्या गाड्या वापरा, असा सरकारचा कंपन्यांना आग्रह होता. मग हाडवैरी एकमेकांचे बॅज लावू लागले. होल्डनची कमोडोर टोयोटाच्या शोरूममध्ये ‘लेक्सन’ नावाने उभी राहिली. अमेरिकेकडून चषक जिंकणारी शर्यतीची नौका ज्याने घडवली त्या बेन लेक्सनचं नाव तिला दिलं होतं. टोयोटाची कॅमरी होल्डनकडे जाऊन ‘अपोलो’ झाली. क्लेटनमध्ये बनणारी निसानची पिंटारा फोर्डने ‘कोर्सेअर’ म्हणून विकली. म्हणजे इंडिकासाठी यंत्रं ज्या कारखान्यातून आली, त्या कारखान्याला एकाची गाडी दुसऱ्याच्या नावाने बाहेर काढण्याचा सराव पुण्याला येण्याआधीच होता!

आता वाचकाकडे वळू. रोव्हर म्हणजे कोव्हेंट्रीची मूळची सायकल कंपनी. आज आपण जी सायकल चालवतो तिचा साचा १८८५च्या रोव्हर सेफ्टी सायकलने पक्का केला. पुढे मोटारी आल्या, प्रतिष्ठा आली. डॉक्टर, वकील, मोठे सरकारी अधिकारी रोव्हर घेत. नंतर घसरण, सरकारीकरण, खासगीकरण, मालक बदलणं असं सगळं झालं. १९९४मध्ये बीएमडब्ल्यूने ती घेतली आणि २०००मध्ये कंटाळून विकली. लँड रोव्हर फोर्डला गेली, मिनी बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवली आणि उरलेली रोव्हर, बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या कारखान्यासकट, चार ब्रिटिश उद्योजकांच्या गटाने नावापुरते दहा पौंड देऊन उचलली. या नव्या एमजी रोव्हरकडे छोटी गाडी नव्हती. जुनी मेट्रो, जी शेवटी रोव्हर १०० म्हणून विकली जात होती, तिने युरोपातल्या धडक-चाचणीत इतकी वाईट कामगिरी केली होती की ती बंदच करावी लागली. तिची जागा रिकामी होती आणि ती भरायला पैसा नव्हता.

अशा वेळी पुण्याकडे बघणं यात मूर्खपणा नव्हता. उलट, कागदावर हा सौदा सुरेख दिसतो. स्टिअरिंग उजवीकडचंच, कारण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायची सवय आपल्याला इंग्रजांनीच लावली. गाडी ताज्या बनावटीची, घडण इटालियन, मजुरी पुण्याची. टाटांनाही युरोपात पाय रोवायचा होता; काही देशांत ते इंडिका स्वतःच्या नावाने विकतच होते. शिवाय २००३ हेच ते वर्ष, ज्यात टेल्कोने आपलं नाव बदलून टाटा मोटर्स केलं. पिंपरी-चिंचवडची जुनी माणसं आजही टेल्कोच म्हणतात, तो भाग वेगळा.

मग बिघडलं कुठे? लाँगब्रिजच्या वाचकाने केलेले बदल बघा. पुढचा-मागचा बंपर नवा, जाळी नवी, चाकं मोठी, स्प्रिंगा कडक करून गाडी जमिनीकडे थोडी झुकवलेली. एवढंच. रस्त्यावर ती बरी चालायची, वळणावर इंडिकापेक्षा नेटकी वाटायची, १४०५ सीसीचं पेट्रोल इंजिन चपळ होतं. पण हे सगळे फेरफार बाहेरून बघणाऱ्याचे आणि घाईने फेरफटका मारणाऱ्याचे आहेत. आत बसणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? डॅशबोर्डचं तेच कडक प्लास्टिक, तीच बटणं. भारतात त्या प्लास्टिककडे कोणी बघत नव्हतं, कारण त्याच पैशात दुसरीकडे पाय मुडपून बसावं लागायचं. ब्रिटनमधला माणूस रोव्हरच्या दारातून आत शिरला की हात आपोआप लाकडी पट्टी शोधायचा. ती तिथे नव्हती.

गाळलं ते त्याहून महत्त्वाचं. सिटीरोव्हर फक्त पेट्रोलवर मिळायची. भारतात इंडिका म्हणजे मुख्यतः डिझेल. रतन टाटांच्या त्या मूळ वाक्यातला शेवटचा खांबच इंग्रजी आवृत्तीतून काढून टाकला. मग किंमत. सुरुवात ६,४९५ पौंडांपासून, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पाच लाखांच्या आसपास, आणि चांगलं मॉडेल घ्यायचं तर आणखी वर. थोड्याफार फरकाने तेवढ्याच पैशांत फियाटची नवी पांडा मिळत होती, आणि ती २००४ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. मारुती ८००च्या किमतीचा खांबही असा गेला. चार खांबांपैकी उरले दोन: छोटा आकार आणि मोठी जागा.

निदान त्या दोघांवर तरी गाडी उभी करायची होती. रोव्हरची खरी गिऱ्हाइकं कोण होती? निवृत्त झालेली, निवृत्तीला आलेली माणसं. गुडघे दुखणाऱ्या, कमरेत वाकता न येणाऱ्या या लोकांना उंच छताची, रुंद दाराची, खुर्चीसारख्या सीटची छोटी गाडी म्हणजे वरदान होतं. पिंपरीत जी गाडी आजीसाठी काढली तीच बर्मिंगहॅमच्या आजीला हवी होती! हा दुवा रोव्हरला सापडला नाही. गाडीच्या मॉडेलांना नावं दिली ती सोलो, सिलेक्ट, स्प्राइट आणि स्टाइल. सगळी एकट्या, तरुण, शहरी खरेदीदाराकडे डोळा ठेवून. अख्खं कुटुंब कोंबून नेणाऱ्या गाडीची पहिली आवृत्ती ‘सोलो’ नावाने निघते, तेव्हा संपादकाने पुस्तक उघडलं होतं का, असा प्रश्न पडतोच.

टीकाकारांनी तिला झोडपलं. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींवरच्या कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी गाडी देण्याचं टाळलं, तेव्हा त्याचे सूत्रसंचालक जेम्स मे छुपा कॅमेरा घेऊन साधा ग्राहक बनून शोरूममध्ये गेले आणि तिथूनच गाडीचे वाभाडे काढले. गाडी झाकून ठेवण्याच्या त्या धडपडीने जे व्हायचं तेच झालं. एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हरचं दिवाळं निघालं. सिटीरोव्हरची विक्री दहा हजारांच्या आतच थांबली. त्यानंतर बऱ्याच लेखांतून एक सूर निघाला की स्वस्त भारतीय गाडीने रोव्हरची अब्रू घालवली. मला हा निवाडा मान्य नाही. इंडिकात दोष होते, पण ती स्वतःशी प्रामाणिक गाडी होती. रोव्हरने तिचे गुण बाजूला ठेवले, दोष तसेच राहू दिले आणि वर आपल्या नावाचे पैसे मागितले.

हे मुद्दाम ठासून सांगायचं कारण असं की बॅज लावण्याच्या कलेत रोव्हर नवशिकी नव्हती. तिने या प्रकारात एके काळी फार सुंदर काम केलेलं आहे. १९८१पासून हे घराणं होंडाच्या गाड्या आपल्याशा करत होतं. होंडा बॅलडची ट्रायम्फ अक्लेम झाली, पुढे रोव्हर २०० आली. या साऱ्यात मला लोभस वाटते ती १९९३ची रोव्हर ६००. सांगाडा होंडा ॲकॉर्डचा. पण रिचर्ड वुली या आरेखकाने तिच्यावर असा हात फिरवला की ॲकॉर्ड नीटस दिसते आणि ६०० खानदानी दिसते. जाळीला क्रोमची जाड कड, अंगावरून मागे वाहत गेलेली रेघ, आत लाकूड आणि चामडं. होंडाच्या गाडीत उत्तम यंत्र आहे आणि उबेची कमतरता आहे, हे त्याने अचूक हेरलं आणि तेवढंच पुरवलं. यंत्राला हात लावला नाही. दुसऱ्याची चीज आपल्या गळ्यातून कशी म्हणावी याचा तो वस्तुपाठ आहे. दहा वर्षांनी त्याच कंपनीला इंडिकाजवळ काय आहे आणि काय नाही हे दिसू नये, याचं नवल वाटतं.

रोव्हर-होंडाच्या याच जोडीने उलट्या दिशेचा एक विलक्षण नमुनाही जन्माला घातला. १९९३मध्ये जपानी बाजाराला दणकट, उंच, चिखलात जाणाऱ्या गाड्यांचं वेड लागलं होतं आणि होंडाकडे तशी स्वतःची गाडी नव्हती. मग तिने इसुझूच्या गाड्यांवर आपला बॅज लावला आणि रोव्हरच्या घरातून लँड रोव्हर डिस्कव्हरी आणून ‘होंडा क्रॉसरोड’ म्हणून विकायला काढली. इथे संपादन जवळजवळ शून्य. मागे उंचावलेलं पायरीदार छत तेच, छताच्या कडेच्या तिरप्या छोट्या खिडक्या त्याच, मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी तीच. जाळीवर मात्र होंडाचं ‘एच’.

तरी ही गाडी वाचायला सिटीरोव्हरपेक्षा कितीतरी मजेची आहे, कारण तिचे थर. बॉनेटखालचं व्ही-एट इंजिन मुळात अमेरिकेच्या ब्यूकचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सने ते बनवलं आणि लवकरच नको म्हणून सोडून दिलं. १९६५मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि त्यावर कित्येक वर्षं संसार केला. गाडी इंग्रज, इंजिन अमेरिकन, बॅज जपानी. लहान, चोख, उंच फेऱ्यांच्या इंजिनांसाठी जगभर नावाजलेल्या होंडाने रस्त्यावरच्या मोटारीत विकलेलं व्ही-एट हे एवढंच, आणि तेही तिचं नव्हे. क्रॉसरोड बाजारात येऊन काही महिनेच झाले होते, तेवढ्यात रोव्हर बीएमडब्ल्यूने घेतली. ज्या जोडीदाराबरोबर दहा-बारा वर्षं काम केलं तो प्रतिस्पर्ध्याच्या घरी गेला, आणि होंडाच्या दुकानात त्याची गाडी १९९८पर्यंत होंडाच्या नावाने उभी राहिली. विक्री फारशी झाली नाही. नाव होंडाला आवडलं असावं. २००७मध्ये तिने ते स्वतः बनवलेल्या गाडीला दिलं.

आपल्या रस्त्यांवरही असे नमुने येऊन गेले. शेवरलेने भारतात दुकान मांडलं त्या सुरुवातीच्या काळात ‘शेवरले फॉरेस्टर’ होती. दार उघडलं की काचेला चौकट नाही, बॉनेट उघडलं की सिलिंडर आडवे निजलेले. जाणकाराला तिथेच कळायचं की ही सुबारू. फुजी हेवी या सुबारूच्या कंपनीत तेव्हा जनरल मोटर्सचा हिस्सा होता, त्यातून हे आलं. ज्या देशात सुबारू कधी आलीच नाही, तिथे तिला शेवरलेच्या पिवळ्या बो-टायमधून भेटावं लागलं. मोजक्याच लोकांनी ती घेतली, पण ज्यांनी घेतली त्यांना आपण काय चालवतो ते पक्कं ठाऊक असायचं.

आपल्याकडून बाहेर गेलेल्या गाड्यांची गोष्ट आणखी मोठी आहे. चेन्नईजवळ बनलेली ह्युंदाईची सँट्रो मेक्सिकोत डॉजच्या दुकानात ‘ॲटोस’ झाली, नंतर आय-टेनही त्याच वाटेने गेली. ह्युंदाईने तिथे स्वतःचं दुकान उघडलं ते २०१४मध्ये. मानेसरला बनलेली मारुतीची ए-स्टार युरोपात सुझुकीकडे ‘अल्टो’ आणि निसानकडे ‘पिक्सो’ होती. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या परक्या गावात शेजारच्या दुकानांतून एकमेकींची गिऱ्हाइकं ओढत होत्या. पिक्सोने पुढचं नाक तेवढं बदललं आणि किंमत खाली ठेवली. भपका नाही, बतावणी नाही. सिटीरोव्हरने करायला हवं होतं ते हेच.

एमजी रोव्हर बुडाल्यावर तिची वाटणी झाली. एमजी चिन्यांकडे गेली आणि २०१९मध्ये, गुजरातेत हालोलला जनरल मोटर्सने सोडलेल्या कारखान्यातून, भारतात अवतरली ती ‘हेक्टर’ घेऊन. ही हेक्टर चीनमध्ये बाओजुन ५३०, इंडोनेशियात वुलिंग आणि लॅटिन अमेरिकेत शेवरले. पुण्याच्या गाडीला ब्रिटिश नाव लावणाऱ्या कंपनीचं अर्धं नाव आता चिनी गाडीवर बसून आपल्याकडे फिरतं आहे. उरलेल्या अर्ध्या नावाचं, म्हणजे ‘रोव्हर’चं, वेगळंच झालं. त्याची मालकी बीएमडब्ल्यूने आपल्याकडे ठेवली होती. २००६मध्ये ते नाव फोर्डने घेतलं, आणि २००८मध्ये फोर्डने जॅग्वार, लँड रोव्हर विकल्या त्यांच्याबरोबर तेही गेलं. विकत घेणारी कंपनी होती टाटा मोटर्स. रोव्हर हे नाव आज टाटांच्या मालकीचं आहे आणि त्यांनी ते अजून एकाही गाडीवर लावलेलं नाही.